दाताचे काम अर्धे राहू नये म्हणून : दवाखान्यातला संगणक आणि कामांची यादी

दाढ ठणकू लागली की आपण दवाखाना गाठतो आणि ठणका थांबला की दवाखाना विसरतो. पण दातांची बहुतेक मोठी कामे एका खेपेत संपत नाहीत. रूट कॅनॉलला बऱ्याचदा दोन-तीन खेपा लागतात आणि त्यानंतर दाढेवर कॅप बसवायची असते. इम्प्लांटचा स्क्रू जबड्यात बसवल्यावर हाड त्याला घट्ट धरेपर्यंत साधारण ३ ते ६ महिने थांबावे लागते. मुलांच्या दातांच्या तारा दर ४ ते ८ आठवड्यांनी तपासून घ्याव्या लागतात. म्हणजे एक खेप आणि पुढची खेप यांच्यामध्ये बराच काळ जातो, आणि त्या काळात हे काम कोणाच्या तरी लक्षात राहावे लागते. ते कोणाच्या लक्षात राहायचे, हा या लेखाचा विषय आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. येथील दाताच्या दवाखान्यांत संगणक प्रणाली बसवून देणे व कर्मचाऱ्यांना ती शिकवणे, हे माझ्या कामाचा भाग आहे. आपल्या वाचकांपैकी काही जण स्वतः दंतवैद्य आहेत, काही दवाखान्यात नोकरीला आहेत आणि पेशंट तर आपण सगळेच आहोत. तिघांनाही उपयोग व्हावा अशा बेताने लिहितो.

अपॉइंटमेंटची वही का पुरत नाही?

अपॉइंटमेंटच्या वहीला फक्त एकच गोष्ट कळते : कोण, किती वाजता येणार. ज्याची वेळ ठरली नाही, तो माणूस वहीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. पण दवाखान्यातली निम्मी डोकेदुखी अशाच बिनवेळेच्या कामांची असते. लॅबमधून कॅप आली का ते विचारायचे असते. विमा कंपनीच्या मंजुरीचा पाठपुरावा करायचा असतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या पेशंटची दाढ काढण्याआधी त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांचे पत्र मागवायचे असते. (या गोळ्या पेशंटने आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत, हे जाता जाता सांगतो.) आणि "रजेवरून आलो की फोन करतो" असे सांगून गेलेले पेशंट असतातच.

ही कामे कोठे लिहिली जातात? पूर्वी ती संगणकाच्या पडद्याला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर असत, हल्ली दवाखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. चिठ्ठी गळून पडते. ग्रुपवरचा निरोप सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसऱ्याने केले असेल. शिवाय पेशंटच्या आजाराची माहिती पाच जणांच्या खासगी फोनमध्ये जाऊन बसते, ती वेगळीच.

टास्क लिस्ट म्हणजे काय?

यावर उपाय म्हणून दवाखान्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टास्क लिस्ट, म्हणजे कामांची यादी, असते. उदाहरणादाखल ओपन डेंटल हे अमेरिकेतील ऑरेगन राज्यात तयार होणारे सॉफ्टवेअर घेऊ. इतर प्रणालींत नावे थोडी बदलतील, पण विचार हाच असतो.

यात स्वागतकक्ष, विमा, लॅब, डॉक्टर अशा वेगवेगळ्या याद्या करता येतात. प्रत्येक कर्मचारी आपल्या कामाच्या याद्यांशी स्वतःला जोडून घेतो. त्या यादीत नवे काम पडले की त्याच्या पडद्यावर सूचना उमटते. काम थेट पेशंटच्या फाइलला किंवा अपॉइंटमेंटला जोडता येते, त्यामुळे फोन करताना फाइल शोधत बसावे लागत नाही. कामाखाली नोंद केली की ती कोणी व केव्हा केली, हे संगणक आपोआप लिहून ठेवतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणीतरी "झाले" अशी खूण करीपर्यंत काम यादीतून हलत नाही. चिठ्ठी आणि यादी यांत खरा फरक एवढाच आहे.

संगणकाने केलेली यादी आणि माणसाने केलेली यादी

येथे एक गल्लत नेहमी होते. काही याद्या संगणक स्वतःच काढून देतो. सहा महिन्यांच्या तपासणीची वेळ झालेले पेशंट, अपॉइंटमेंट मोडून नवी न घेतलेले पेशंट, लॅबमध्ये अडकलेली कामे, या सर्व याद्या फाइलमधील तारखांवरून तयार होतात. त्या हाताने लिहिण्याची गरज नाही.

अशा याद्यांचे बळ किती असते, ते कुवेतमध्येच पाहायला मिळते. आरोग्य मंत्रालय आणि अमेरिकेतील फॉर्साइथ संस्था यांचा शालेय दंत आरोग्य कार्यक्रम येथे १९८३ पासून सुरू झाला. सरकारी शाळांतील मुलांची तपासणी, फ्लोराइडचा लेप, दाढांच्या खाचा बुजवणे ही त्यातील कामे ठरावीक मुदतीने पुन्हा करावी लागतात. कोणत्या मुलाचे काय झाले आणि पुढे काय व्हायचे आहे याची नोंद ठेवल्याशिवाय असा कार्यक्रम चालूच शकत नाही.

टास्क लिस्ट मात्र माणसाने माणसासाठी लिहायची असते. ज्या कामाची तारीख संगणकाला आपोआप कळणार नाही, तेच तिच्यात लिहावे. सगळेच तिच्यात कोंबले तर ती दोनशे कामांची होते, आणि मग ती कोणी उघडत नाही.

काम कसे लिहावे?

"बाईंना फोन करणे" हे काम नव्हे. कोणत्या बाईंना, कशासाठी आणि कधीपर्यंत? तेच असे लिहावे : "दाढ ३६, रूट कॅनॉल पूर्ण, कॅप बाकी. पेशंट २० जूनला भारतात जाणार. १ जूनपूर्वी माप घेण्यासाठी बोलवावे. दोनदा फोन न उचलल्यास डॉक्टरांना कळवावे." यात पुढचे पाऊल आहे, मुदत आहे आणि काम अडले तर काय करायचे तेही आहे. आता हे काम एका नावावर टाकले की झाले. "सर्व कर्मचारी" या नावावर टाकलेले काम कोणाचेच नसते.

दाढेच्या क्रमांकाबाबत जपावे. भारतात आणि जगाच्या बहुतेक भागांत दोन अंकी पद्धत चालते. पहिला अंक जबड्याचा चौथा हिस्सा सांगतो, दुसरा अंक मध्यापासून कितवा दात ते सांगतो. म्हणून ३६ म्हणजे खालच्या जबड्यातील डावीकडची सहावी. अमेरिकन पद्धतीत दातांना १ ते ३२ असे सलग क्रमांक असतात आणि हीच दाढ १९ होते. घोटाळा होतो तो दोन्हींकडे असलेल्या आकड्यांचा. "१८" म्हणजे आपल्या पद्धतीत वरची उजवी अक्कलदाढ, तर अमेरिकन पद्धतीत खालच्या डाव्या बाजूची दुसरी दाढ! सॉफ्टवेअर अमेरिकन असेल तर कोणती पद्धत निवडली आहे, ते पहिल्याच दिवशी तपासावे.

कुवेतमधील खास अडचणी

येथील अनेक दवाखाने सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन पाळ्यांत चालतात. सकाळी पेशंटशी बोललेली रिसेप्शनिस्ट संध्याकाळी नसते. त्यामुळे पाळी सुटताना पाच मिनिटे यादीवर नजर टाकावी आणि अर्धवट कामांवर एक ओळ लिहावी. कर्मचारी केरळचे, फिलिपिन्सचे, इजिप्तचे असतात. म्हणून वाक्ये लहान आणि सोपी असावीत, संक्षेप नसावेत.

२००७ पासून येथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, पण भारतातील किंवा युरोपातील कार्यालये शुक्रवारी उघडी असतात. मुदत देताना हे ध्यानात ठेवावे.

तिसरी अडचण आपल्या नावांची. पासपोर्टवर कोठे आडनाव आधी, कोठे वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये. अरबीत लिहून परत इंग्रजीत आले की त्याचे तिसरेच काही होते. एकाच पेशंटच्या दोन फाइली तयार होतात आणि काम चुकीच्या फाइलला चिकटते. यावर सोपा उपाय म्हणजे सिव्हिल आयडीचा, आपल्या बताक्याचा, १२ आकडी क्रमांक. त्यातील पहिला अंक २ असेल तर जन्म १९०० च्या शतकातला, ३ असेल तर २००० नंतरचा, आणि पुढचे सहा अंक म्हणजे जन्माचे वर्ष, महिना व दिवस. फाइल शोधताना हा क्रमांक वापरावा, पण कामाच्या मजकुरात तो पुन्हा लिहू नये.

रजा, विमा आणि अर्धी दाढ

आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे मे महिन्यात रूट कॅनॉल झाले. दुखणे थांबले, वर तात्पुरते सिमेंट भरले आणि जूनमध्ये कुटुंब रत्नागिरीला गेले. दवाखान्यात "रजेनंतर कॅप" असे कोणीतरी कोठेतरी लिहिले होते. परत आल्यावर मुलांची शाळा, नवे घर यांत डिसेंबर उजाडला. ना यांनी फोन केला, ना त्यांनी. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते, आणि रूट कॅनॉल केलेली दाढ कॅपशिवाय चावण्याच्या जोराने चिरते. तीच गत झाली. दाढ मुळापर्यंत दुभंगली आणि काढावी लागली. रूट कॅनॉलचे पैसे गेले, आणि आता इम्प्लांटचा खर्च पुढे उभा आहे. एका फोनने हे टळले असते.

विम्याचेही असेच आहे. बऱ्याच पॉलिसींत दातांच्या मोठ्या कामाला आधी मंजुरी लागते आणि त्या मंजुरीला मुदत असते. वर्षाची मर्यादा शिल्लक राहिली तरी ती सहसा पुढच्या वर्षी मिळत नाही. म्हणून दवाखान्याने मंजुरी आल्याच्या दिवशीच दोन कामे लिहावीत : पेशंटला कळवणे, आणि मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी पुन्हा पाहणे.

आपण पेशंट म्हणून काय करावे?

दवाखान्यातून निघताना दोनच प्रश्न विचारावेत : "माझे पुढचे काम काय, आणि ते तुमच्याकडे कोणत्या तारखेला लिहिले आहे?" रिसेप्शनिस्टने संगणकात पाहून तारीख सांगितली तर निश्चिंत व्हावे. "आम्ही कळवू" एवढेच उत्तर आले तर तेथेच तारीख लिहून घ्यायला लावावी. रजेवर कधी जाणार, ते उपचार सुरू होण्याआधीच सांगावे.

घरी एका वहीत प्रत्येकाच्या नावाने पान ठेवावे. त्यावर दाढेचा क्रमांक, झालेले काम, राहिलेले काम, मुदत आणि विम्याची मंजुरी एवढे पाच रकाने पुरतात. गृहिणींनीच हे करावे असे नाही. घरातील दहावी-बारावीच्या मुलाकडे हे काम दिले तर त्यालाही शिस्त लागते.

नोकरी बदलताना किंवा कायमचे भारतात परतताना आणखी एक काळजी घ्यावी. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे आणि उपचारांचा गोषवारा मागून घ्यावा. इम्प्लांट असेल तर त्याची कंपनी, प्रकार व माप लेखी घ्यावे, कारण प्रत्येक कंपनीचे भाग आणि अवजारे वेगळी असतात. ही माहिती नसेल तर पुण्या-मुंबईतील निष्णात दंतवैद्यालाही पुढचे काम अवघड होते. आपण बताका परत केल्यावर येथल्या दवाखान्यात फेऱ्या मारणे शक्य नसते, म्हणून हे काम तिकीट काढण्याच्या आधी करावे.

दंतवैद्य वाचकांना एक विनंती. रोज सकाळी पहिला पेशंट येण्यापूर्वी दहा मिनिटे सर्वांनी मिळून यादी पाहावी, आणि मुदत टळलेले प्रत्येक काम एकतर करावे, नाहीतर नवी तारीख देऊन त्याचे कारण लिहावे. यादी रोज उघडली जात नसेल तर कितीही महाग सॉफ्टवेअर घेतले तरी ते पिवळ्या चिठ्ठीएवढेच उपयोगी.

या उन्हाळ्यात गावी जाण्याची तयारी सुरू कराल, तेव्हा बॅगा भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात काय अर्धे राहिले आहे, ते एकदा विचारून घ्या. सर्वांना निरोगी दातांसाठी शुभेच्छा!