ओझे उचलताना श्वास कोंडू नका



भरलेला हंडा डोईवर चढवताना आपण काय करतो? दम कोंडतो आणि एकदम जोर लावतो. चाऱ्याचा भारा, खताचे पोते उचलतानाही तेच. सवय साधी दिसते, पण बाळंतपणे झालेल्या बाईला ती महागात पडू शकते. कशी, ते नवरा-बायको दोघांनीही वाचा.

पोटात काय घडते?

छाती आणि पोट यांच्या मध्ये स्नायूचा एक पडदा असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेतला की तो खाली सरकतो, सोडला की वर जातो. ओटीपोटाच्या तळालाही स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. गर्भाशय, लघवीची पिशवी आणि शौचाचा मार्ग यांना तिचाच आधार. श्वास घेताना ही झोळी किंचित खाली येते, सोडताना वर उचलली जाते. बैलजोडीसारखे दोघे बरोबर चालतात.

दम कोंडून जोर केला, की पोटातला दाब वाढतो आणि तो या झोळीवर पडतो. घट्ट झोळी तो सोसते. पण नऊ महिने भार पेललेली, बाळंतपणात ताणलेली झोळी सैल झालेली असते. मग खोकताना, हसताना लघवीचे थेंब जातात. ओटीपोट जड वाटते. काही जणींचे पुढे अंग बाहेर येते. "बाईच्या जातीला हे चालायचंच," म्हणून पुष्कळ भगिनी वर्षानुवर्षे सोसतात. असे सोसू नका. यावर उपाय आहे.

एवढे करा

१. ओझे उचलताना गुडघे वाकवा, ओझे अंगाजवळ घ्या आणि तोंडाने हळूहळू श्वास सोडत उचला.

२. झोळीचा व्यायाम करा. उताणे निजून गुडघे वाकवा. श्वास घ्या, पोट फुगू द्या. श्वास सोडताना लघवी आणि वारा दोन्ही रोखावेत, तसा तळ आत-वर ओढा. ५ आकडे मोजा, पण श्वास चालू ठेवा. मग पूर्ण सैल सोडा. असे १० वेळा, दिवसातून ३ दा. गुण यायला निदान ३ महिने लागतात, मध्येच सोडू नका. लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नका.

३. शौचाला कुंथू नका. पालेभाजी खा, पाणी भरपूर प्या. खोकला २ आठवड्यांहून जास्त राहिला तर दवाखान्यात दाखवा.

४. बाळंतपणानंतर ६ आठवडे जड ओझे नको. हंडा आणि भारा कारभाऱ्यांनी उचलावा. त्यात कमीपणा कसला?

पाळणा लांबवा

ताणलेल्या झोळीला सावरायला वेळ हवा. पाठोपाठच्या बाळंतपणांनी तो मिळत नाही. म्हणून दोन मुलांत निदान ३ वर्षांचे अंतर ठेवा. त्यासाठी निरोध, तांबी, छाया गोळ्या, दर ३ महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन ही साधने सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आणखी मूल नकोच असेल तर नसबंदी आहे. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी तर अधिक सोपी. स्त्रीच्या शस्त्रक्रियेने अंग बाहेर येते, ही भीती खोटी आहे. तीत फक्त गर्भनलिका बंद करतात, झोळीला हातही लागत नाही. कोणते साधन घ्यायचे, ते दोघांनी मिळून ठरवा.

लघवी आवरत नसेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर आशाताईंना किंवा उपकेंद्रातील नर्सबाईंना निःसंकोच सांगा. डॉक्टर तपासून व्यायाम, आधाराची रिंग किंवा शस्त्रक्रिया, जे योग्य ते सांगतील. आणि कारभारी, दवाखान्यात बायकोला एकटी पाठवू नका. सोबत जा.