नायजेरियाची फौज

नकाशात आफ्रिकेचा पश्चिम किनारा पाहा. गिनीच्या आखाताला लागून नायजेरिया दिसेल. आफ्रिकेत सर्वांत जास्त लोकसंख्या याच देशाची. खनिज तेलाच्या पैशामुळे मोठी फौज बाळगणे त्याला परवडले. कडूना येथील त्याची लष्करी प्रबोधिनी १९६४ साली भारतीय अधिकाऱ्यांच्या मदतीने सुरू झाली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

१९७५ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील देशांनी लागोस शहरी आर्थिक संघ स्थापन केला. हेतू व्यापाराचा होता. पण १९८९ च्या अखेरीस लायबेरियात यादवी पेटली. शेजारचे घर जळू लागले, की ठिणग्या आपल्या अंगणात पडतात. निर्वासितांचे लोंढे सीमा ओलांडू लागले. ऑगस्ट १९९० मध्ये संघाची शांतिसेना मनरोव्हियात उतरली. तिच्यातील बहुसंख्य सैनिक नायजेरियाचे होते आणि खर्चाचा मोठा भारही त्याच्यावरच पडला. या सेनेवर लुटालुटीचे आरोप झाले, तेही सांगितले पाहिजे.

१९९७ मध्ये सिएरा लिओनच्या सैनिकांनी निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष अहमद तेजान कब्बा यांची सत्ता उलथवली. नायजेरियाच्या नेतृत्वाखालील सेनेने १९९८ मध्ये ती त्यांना परत मिळवून दिली. गंमत अशी, की त्या वेळी खुद्द नायजेरियात लष्करशहा सानी अबाचा यांचा अंमल होता! परक्या देशात मतपेटीचे रक्षण, घरी मात्र तिला कुलूप. तेथे लोकनियुक्त सरकार १९९९ मध्ये आले.

शेजाऱ्यांकडे लढलेल्या या फौजेला २००९ पासून घरातच बोको हरामशी झुंजावे लागत आहे. एप्रिल २०१४ मध्ये चिबोक गावच्या शाळेतून २७६ मुली पळवल्या गेल्या. मुलांनो, त्यांतील बहुतेक तुमच्याच वयाच्या होत्या. काही जणी अजून परतलेल्या नाहीत.