पु. ल. ऐकायचे, पण आधी काय?

पु. ल. देशपांडे हे नाव ठाऊक नसलेला मराठीचा विद्यार्थी विरळाच. पण नाव ठाऊक असणे निराळे आणि माणूस कानांनी ऐकणे निराळे. पु. ल. (१९१९-२०००) हे जितके लिहिणारे होते तितकेच बोलणारे, गाणारे आणि पेटी वाजवणारे होते. १९५३ सालच्या 'गुळाचा गणपती' या चित्रपटात दिग्दर्शन, संगीत आणि नायकाचे काम, सारे त्यांचेच. लहानपणी आपण सर्वांनी म्हटलेल्या 'नाच रे मोरा' या गाण्याची चालही त्यांचीच. असा सुरात मुरलेला माणूस विनोद सांगतो तेव्हा तो विनोदही कानांनीच घ्यावा लागतो. म्हणून नवख्या माणसाला पु. लं.चे पुस्तक देण्यापेक्षा ध्वनिमुद्रण ऐकवावे, असे माझे मत आहे.

प्रश्न येतो तो पुढे. आधी कोणते ऐकवावे?

जाणकार सांगतात, 'बटाट्याची चाळ'. १९६१ पासून पु. लं.नी ती एकट्याने रंगमंचावर उभी केली आणि तिचे मोठेपण वादातीत आहे. पण ज्याने चाळच पाहिली नाही, त्याने चाळीतल्या माणसांना हसावे कसे? आमच्या सोनाळ्यात वाडा कळतो, ढाळज कळते; सामाईक नळ आणि चाळीची गच्ची कळत नाही. 'असा मी असामी'चेही तसेच. गिरगावातला कारकून समजून घ्यायला मुंबईच्या जगण्याची थोडी ओळख लागते. 'अंतू बर्वा' तर मला सर्वांत प्रिय. पण त्याची रत्नागिरीकडची तिरकी बोली वऱ्हाडी कानाला पहिल्या फेरीत निसटते, आणि हसण्यामागचे दुःख हाती येत नाही.

माझे उत्तर आहे, 'म्हैस'.

कोकणातल्या रस्त्यावर एस.टी.च्या गाडीपुढे म्हैस येते. गाडी थांबते, उतारू खाली उतरतात, म्हशीचा मालक येतो, पोलीस येतात, पुढारी येतो आणि पंचनामा सुरू होतो. एवढीच गोष्ट. शेवट मी सांगणार नाही. यातले काय आपल्याला परके आहे? सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा शहराशी संबंध एस.टी.नेच जोडला. म्हैस म्हणजे घराचा दूधदुभता आधार. आणि पंचनामा या शब्दाचे वजन तर शेतकऱ्याच्या घरी कोणाला समजवावे लागत नाही. एकच माणूस ड्रायव्हर, कंडक्टर, हवालदार, शहरी उतारू आणि गावकरी या सर्वांचे आवाज काढतो. कोणी घाईने बोलतो, कोणी रेंगाळत. वाद्य एकही नाही, पण लय कोठे सुटत नाही. पेटीवर बसलेला हात इथे जिभेत उतरला आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ग्रंथालयातून मी आणलेली पुस्तके घरी कौतुकाने कोनाड्यात ठेवली जात, पण त्यांत काय आहे हे कोणी विचारत नसे. एका रात्री जेवणे झाल्यावर मी मोबाईलवर 'म्हैस' लावली. बाबा आधी नुसते ऐकत होते. पंचनाम्यापाशी आले तेव्हा ते मोठ्याने हसले आणि आईला म्हणाले, "हा मानूस आपल्या गाडीत बसला होता काय वं?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, "पोरी, अजून काय काय हाय त्याचं?" मी काय शिकते याबद्दल घरातून आलेला तो पहिला प्रश्न होता.

म्हणूनच पहिली निवड ही क्षुल्लक बाब नाही. ती चुकली तर ऐकणारा पु. लं.ना नावे ठेवत नाही. "हे शिकल्यासवरल्यांचं हाय, आपल्यासाठी नाही," असे म्हणून तो स्वतःलाच बाहेर ठेवतो. मग ते दार पुन्हा उघडणे कठीण.

'म्हैस' नंतर 'रावसाहेब' ऐकवावे. बेळगावच्या कृष्णराव हरिहरांचे हे शब्दचित्र. त्यांची मराठी कानडी वळणाची, तोंडात शिव्या आणि काळजात गाणे. पुस्तकी नसलेली मराठीही किती श्रीमंत असते हे वऱ्हाडी माणसाला तेथे उमगते. मंदिरातल्या भजनात पेटीपाशी बसणाऱ्याला तर रावसाहेब घरचेच वाटतील. मग भीमसेन जोशींनी गायिलेले 'इंद्रायणी काठी' लावावे आणि ते संपल्यावरच सांगावे की ही चाल त्याच 'म्हैस'वाल्या माणसाची. त्यानंतर 'अंतू बर्वा', आणि सर्वांत शेवटी चाळ. तोवर ऐकणारा स्वतःच चाळीचा जिना चढायला तयार झालेला असतो.

एक पथ्य मात्र पाळावे. ऐकवताना मध्येच थांबवून विनोद समजावून सांगू नये आणि "आता हसा" अशा नजरेने कोणाच्या तोंडाकडे पाहू नये. आपली बोली, आपली एस.टी. आणि आपली म्हैस ओळखायला कोणालाही टीप लागत नाही.