तुमचे खापरपणजोबा किती?

तुमच्या खापरपणजोबांचे नाव तुम्हाला ठाऊक आहे काय? ठाऊक असेल तर शाबास! पण आता दुसरा प्रश्न विचारतो. तुम्हाला खापरपणजोबा एकंदर किती?

‘एक’ असे उत्तर दिलेत तर ते चूक आहे. बरोबर उत्तर आहे आठ! आणि खापरपणज्याही आठच. पटत नाही? मग कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर हिशेब करा.

तुम्हाला आई व वडील मिळून जन्मदाते २. त्या प्रत्येकाला पुन्हा दोन, म्हणजे आजी-आजोबा ४. याच रीतीने पणजी-पणजोबा ८ आणि खापरपणजी-खापरपणजोबा १६. दर पिढीला संख्या दुप्पट होते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर ‘न’ पिढ्या मागे गेल्यावर पूर्वजांची संख्या २ चा ‘न’ वा घात इतकी होते. दहाव्या पिढीत ती १,०२४ भरते आणि पहिल्यापासून दहाव्या पिढीपर्यंतच्या सर्वांची बेरीज २,०४६ होते.

आता पुष्कळ घरांत जपून ठेवलेली वंशावळ आठवा. वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील... अशी सरळ खाली उतरणारी नावांची साखळी. दहा पिढ्यांची वंशावळ असली तर घरातील मंडळी ती अभिमानाने दाखवतात, आणि अभिमान वाटणे साहजिकही आहे. पण त्या साखळीत तुमचे प्रत्यक्ष पूर्वज किती? दहा! २,०४६ पैकी दहा. उरलेली २,०३६ माणसे गेली कुठे? ती तुमची नव्हती काय? त्यांच्यापैकी एक जरी लहानपणीच दगावली असती, तर आज हा लेख वाचायला तुम्ही नसता.

गणिताने घातलेले कोडे

आणखी मागे जाऊ. एका पिढीचा काळ सरासरी २५ वर्षे धरला तर तीस पिढ्या म्हणजे ७५० वर्षे. हा काळ साधारण ज्ञानेश्वरीच्या वेळचा होय. ती इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. २ चा तिसावा घात काढलात तर उत्तर येते १,०७,३७,४१,८२४. म्हणजे त्या काळी तुमचे १०७ कोटींहून अधिक पूर्वज हवेत. परंतु त्या वेळी साऱ्या जगाची लोकसंख्याच सुमारे ४० कोटींच्या आसपास असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे! एकट्या तुमच्यासाठी जगातली सारी माणसे धरली तरी पुरत नाहीत, मग तुमच्या वर्गमित्रांनी काय करावे?

गणित चुकलेले नाही. १०७ कोटी ही पूर्वजांच्या ‘जागां’ची संख्या आहे, माणसांची नव्हे. एकच माणूस अनेक जागांवर बसलेला असू शकतो. समजा, आतेभाऊ आणि मामेबहीण यांचा विवाह झाला. आपल्याकडे अनेक समाजांत ही रीत आहे. त्या मुलाची आई आणि मुलीचे वडील ही सख्खी भावंडे. त्यामुळे या जोडप्याच्या अपत्याचे आजी-आजोबा चारच राहतात, पण पणजी-पणजोबा आठांऐवजी सहाच भरतात. दूरच्या नात्यातील विवाहांत हेच अधिक मागच्या पिढ्यांत घडते. जितके मागे जावे तितक्या वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंतत जातात.

याचा अर्थ असा, की तुमच्या वर्गमित्राचे आणि तुमचे पूर्वज पुरेसे मागे गेल्यावर तेच ते निघणार. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ चँग यांनी १९९९ मध्ये हा प्रश्न गणिताने सोडवून दाखवला. पुढे २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगर, समुद्र, स्थलांतरे यांचाही विचार करून संगणकावर जगाचे एक प्रतिरूप उभे केले. आज जिवंत असलेल्या सर्व माणसांचा एक समान पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेला असावा, असे त्यातून दिसले.

‘पण आपल्याकडे तर जातीबाहेर लग्ने होत नसत!’ असे कोणी म्हणेल. शंका रास्त आहे. २०१३ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी भारतातील अनेक समाजगटांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील निरनिराळे लोकसमूह एकमेकांत भरपूर मिसळले आणि गटागटांतच लग्ने करण्याची प्रथा त्यानंतर घट्ट झाली, असे त्यांना आढळले. तेव्हा ‘आमचे रक्त शुद्ध’ असे म्हणणाऱ्याला आपण नम्रपणे विचारावे, ‘कोणत्या शतकापासून?’

वारसा कसा येतो?

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते व एक वडिलांकडून. मात्र ती पुढच्या पिढीला देताना जोडीतील गुणसूत्रे आपसांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात. पत्ते पिसावेत तसेच हे घडते. म्हणून सख्खी भावंडेही एकसारखी नसतात.

दहा पिढ्या मागे गेल्यावर तुमचा वारसा साधारण सहाशे-सातशे तुकड्यांत विभागलेला असतो. वाटेकरी मात्र १,०२४! सहाशे-सातशे लाडू हजारावर मुलांत वाटायचे आणि तेही समान नव्हे, चिठ्ठ्या टाकून. काहींना दोन मिळणार, पुष्कळांना एकही नाही. म्हणजे दहाव्या पिढीतील कित्येक पूर्वजांचा एकही तुकडा तुमच्या गुणसूत्रांत नाही. वंशावळीत ज्यांचे नाव मिरवतो, ते मूळ पुरुषही त्यांत असू शकतील!

दोन वारसे मात्र या पिसण्यातून जवळजवळ सुटतात. वाय गुणसूत्र फक्त वडिलांकडून मुलाकडे जाते. दुसरा वारसा पेशीतील तंतुकणिकांचा, म्हणजेच मायटोकॉन्ड्रियांचा. त्यांना स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो आईकडून सर्व मुलांना मिळतो. पुढे तो देतात फक्त मुली. म्हणजे तुमच्या आईच्या आईच्या आईचा हा डीएनए तुमच्या प्रत्येक तंतुकणिकेत आहे. आपल्या वंशावळी ज्या बायकांची नावे लिहीत नाहीत, त्यांची नोंद निसर्गाने अशी ठेवली आहे.

तिचा उपयोग कसा झाला, पाहा. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मारला गेला. २०१२ मध्ये लेस्टर शहरात मोटारी उभ्या करण्याच्या एका जागेखाली उत्खननात एक सांगाडा सापडला. तो राजाचाच आहे हे कसे ठरवावे? रिचर्डच्या बहिणीची लेक, तिची लेक, अशा केवळ स्त्रियांच्या मार्गाने शोध घेत संशोधक आजच्या वंशजांपर्यंत पोहोचले. त्यांचा तंतुकणिकांतील डीएनए सांगाड्याशी जुळला! उलट, राजघराण्याच्या कागदोपत्री पक्क्या पुरुष-वंशावळीतील पाच जणांचे वाय गुणसूत्र रिचर्डशी जुळले नाही. मधल्या काळात कोठेतरी कागदावरचा पिता आणि जन्मदाता पिता निराळे होते, असाच याचा अर्थ. २०१४ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सुटीतील मोहीम

आता तुमच्यासाठी एक काम. त्याला डीएनए तपासणी नको, पैसेही नकोत. येत्या सुटीत चार पिढ्यांचा पूर्ण वंशवृक्ष तयार करायचा. २, ४, ८ आणि १६ मिळून ३० नावे. त्यांत १५ पुरुष आणि १५ स्त्रिया.

कठीण वाटते? मग एक युक्ती सांगतो. तुमची आजी लहानपणी जिच्या मांडीवर खेळली ती तिची आजी म्हणजे तुमची खापरपणजी. तेव्हा एवढेच विचारा, ‘आजी, तुझ्या दोन्ही आज्यांची नावे काय गं?’ या एका प्रश्नात तुम्ही चार पिढ्या ओलांडता! चारही आजी-आजोबांना आपापल्या आजी-आजोबांची चार-चार नावे आठवली, की सोळा नावे पुरी झाली. म्हणून हे काम पुढे ढकलू नका. आजी गेल्यावर ही चार नावे सांगणारे दुसरे कोणी घरात उरेलच असे नाही.

नोंदी प्रयोगवहीत घेता तशाच घ्या. कोणी, कोणत्या तारखेला, काय सांगितले ते लिहा. शक्य तर एकच गोष्ट दोघांना वेगवेगळी विचारा. दोन्ही उत्तरे जुळली तर शाईने लिहा, न जुळली तर पेन्सिलीने. सन आठवत नसेल तर घटना विचारा. ‘मानमोडीची साथ (१९१८) आली तेव्हा पणजीचा जन्म झाला होता का?’ ‘कोयनेचा भूकंप (१९६७) झाला तेव्हा तू कितवीत होतीस?’ ‘बहात्तरच्या दुष्काळात थोरला काका केवढा होता?’

स्त्रियांच्या बाबतीत एक अडचण येईल. लग्नानंतर पुष्कळ ठिकाणी मुलीचे नाव बदलत. तेव्हा माहेरचे नाव, सासरचे नाव आणि माहेरचे गाव अशी तिन्ही विचारा. माळ्यावरची तांब्या-पितळेची जुनी भांडीही खाली काढा. लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव व तारीख कोरलेली असते. कागदात न सापडलेली पणजी कधी कधी पातेल्याच्या काठावर सापडते! शाळा सोडल्याचे दाखले, जमिनीचे फेरफार, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांतूनही दुवे मिळतील. जुने कागद मोडी लिपीत असतील तर मोडी वाचणारे कोणी शोधा. तोही एक आनंद आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोणाच्या वृक्षात तीस नावे भरतील, कोणाच्या सातच. कोणी दत्तक असेल, कोणाचे आई-वडील दुरावले असतील. ज्यांनी वाढवले त्यांची नावे लिहायलाही वृक्षात जागा असतेच. नावे कमी म्हणून घराणे लहान ठरत नाही, आणि शिक्षकांनीही या कामाला गुण देऊ नयेत. रिकामी चौकट खोडू नका. ‘हिचे नाव कोणाला माहीत नाही’ एवढे त्यात स्वच्छ अक्षरात लिहा. विज्ञानात अशा नोंदीलाही मोल असते.

चला तर, वही काढा. सुरुवात आईच्या बाजूने करा. तिकडची पाने बहुतेक घरांत अजून कोरी आहेत.