वादी अदाईचा समुद्र

मस्कतमधील रुवीच्या गजबजलेल्या पेठेपासून थोड्याच अंतरावर, गवताचे पातेही अंगावर न वागवणाऱ्या काळपट-तांबूस डोंगरांच्या बेचक्यात, वादी अदाई नावाची वस्ती आहे. अरबी भाषेत ‘वादी’ म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारी आणि एरवी गोटे, वाळू व खुरटी काटेरी झुडपे घेऊन निपचित पडून राहणारी नदी. परंतु रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी राहणाऱ्या आजीला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते, आणि तिच्या मुलखात माणसे वाड्यांतूनच राहत असल्यामुळे तिने वर्षानुवर्षे, कितीही वेळा सांगून पाहिले तरी, ‘वाडीतील सर्व मंडळी खुशाल असावीत’ असेच लिहिले. ती पत्रे आमच्या दारी कधी आली नाहीत. तेथे टपाल घरोघर वाटण्याचा दस्तूर नव्हता. बाबांच्या कचेरीच्या टपालपेटीत ती पडत आणि संध्याकाळी बाबांच्या खिशातून घरी येत. या वाडीत आम्ही भावंडे १९८० नंतरच्या दशकात वाढलो, आणि आमच्या बालपणातला समुद्र हा त्या कोरड्या नदीच्या दुसऱ्या टोकाला होता.

हे अक्षरशः खरे आहे. अमरातच्या मैदानाकडून येणारी ही वादी डोंगर फोडून आमच्या वस्तीपाशी उतरते, आणि पुढे कुरुम येथे तिवरांच्या राईतून समुद्राला मिळते. ती राई १९७५ पासून संरक्षित आहे, आणि तिच्याच कडेने पसरलेल्या पुळणीवर आम्ही शुक्रवारी जात असू. बाबांनी एकदा नकाशा उलगडून घरामागच्या त्या गोट्यांच्या पट्ट्यावरून बोट फिरवीत फिरवीत ते निळ्या रंगापर्यंत नेले, तेव्हापासून आपल्या घराला समुद्राचे एक मागचे दार आहे अशी माझी समजूत झाली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

शुक्रवार म्हटले, कारण तेथे आठवड्याची सुटी रविवारी नसे. सरकारी दप्तरे गुरुवारी व शुक्रवारी बंद राहत. १ मे २०१३ पासून ही सुटी शुक्रवार-शनिवार झाली. खाजगी पेढ्यांतील पुष्कळ नोकरदारांच्या वाट्याला मात्र एकटा शुक्रवारच येई. मराठी पुस्तकांतली मुले रविवारी हुंदडत, आम्ही रविवारी शाळेत बसत असू, आणि त्या मुलांचा रविवार व आमचा शुक्रवार ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत हे उमगायला मला बरीच वर्षे लागली. मोटार चालवण्याचा परवाना मिळवणे त्या काळी परदेशी माणसाला सोपे नव्हते. आमच्या इमारतीतल्या तीन मराठी कुटुंबांपैकी एकाच घरी मोटार होती. म्हणून शुक्रवारचा बेत हा नेहमी तिघांचा बेत असे. गुरुवारी रात्री तिन्ही स्वयंपाकघरांत दिवे उशिरापर्यंत जळत. एका घरी तिखटमिठाच्या पुऱ्या, दुसऱ्या घरी बटाट्याची सुकी भाजी, आमच्या घरी दडपे पोह्यांची तयारी आणि दोन थर्मास भरून चहा. नारळ मात्र रुवीत विकत घ्यावा लागतो याचे आईला शेवटपर्यंत वैषम्य वाटले. त्या सरंजामात आम्हा मुलांची भर म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली ‘चिप्स ओमान’ची पाकिटे, जी आम्ही खुबूस नावाच्या अरबी रोटीत गुंडाळून खात असू, आणि ज्यांची तिखट-आंबट चव जिभेवर आली की आज पन्नाशीकडे झुकलेल्या आम्हा भावंडांना प्रथम खारा वारा आठवतो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि तीच मला या लेखात मुख्यतः सांगायची आहे. माझे आईबाप दोघेही समुद्राकाठी जन्मलेले. तरी समुद्राकाठी नुसते बसणे ही क्रिया त्यांनी प्रथम मस्कतमध्ये केली. कोकणातल्या खाऊनपिऊन सुखी आणि कष्टाळू, अशा दोन्ही घरांत समुद्र हा करमणुकीचा विषय नव्हता. तो कोळ्यांचा, खारव्यांचा, खलाशांचा व्यवसाय होता. नारळी पौर्णिमेला त्याला नारळ वाहायचा, पावसाळ्यात त्याची गाज ऐकून दार लावून घ्यायचे, आणि पोरे पुळणीवर उनाडताना दिसली तर त्यांना कान धरून घरी आणायचे. आजोबांचे घर पुळणीपासून हाकेच्या अंतरावर होते आणि त्याचे दार रस्त्याकडे होते. समुद्राच्या अंगाला गोठा होता. गिरणगावात गेलेला रत्नागिरीचा कामगार शिमग्याला वा गणपतीला गावी येई, तो पालखी नाचवायला, गौरी आणायला, घर शाकारायला. किनाऱ्यावर पाय पसरायला येत नसे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने त्याला पगारी रजेचा हक्क दिला, परंतु रजा म्हणजे विसावा हा अर्थ कायद्याला देता आला नाही.

इंग्लंडातली कथा येथे तुलनेला घेण्याजोगी आहे, कारण समुद्रकिनाऱ्यावरच्या कौटुंबिक सुटीची जी कल्पना आपण आज सर्वसामान्य मानतो ती बव्हंशी तेथे घडली, आणि घडवणारे लोक आपल्या गिरणी कामगारांचेच भाऊबंद होते. लँकेशायरच्या कापसाच्या गिरण्या वर्षातून एक आठवडा बंद राहत. या आठवड्याला ‘वेक्स’ म्हणत, आणि निरनिराळ्या गावांचे आठवडे निरनिराळे असल्यामुळे एकेक गाव पाळीपाळीने रिकामे होऊन आगगाडीने ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर लोटे. १९३८ मध्ये पगारी रजेचा कायदा झाला. लागलीच युद्ध आले, किनाऱ्यांवर काटेरी तारा व सुरुंग आले. आणि युद्धानंतर, या तारा निघाल्यावर, जी गर्दी उसळली तिच्यातल्या मुलांच्या आठवणी इंग्रजीत आज विपुल सापडतात. भाड्याच्या खोलीची कडक मालकीण, कापडी आरामखुर्च्या, गाढवावरची फेरी, पत्र्याची बादली आणि फावडे, अंगाला झोंबणारा गार वारा, आणि आरपार गावाचे नाव उमटलेली ‘रॉक’ नावाची साखरेची कांडी. मिठाईवरचे नियंत्रण १९५३ मध्ये उठेपर्यंत ती कांडीही शिधापत्रिकेच्या हिशेबात बसवावी लागे. हे सारे एका पिढीच्या कष्टकऱ्यांना प्रथमच मिळाले होते, आणि प्रथमच मिळालेल्या वस्तूच्या आठवणीला जी धार असते ती त्या लेखनात दिसते.

आमच्यापर्यंत हा इंग्लंडचा किनारा पोहोचला तो एनिड ब्लायटन यांच्या पुस्तकांतून. भारतीय शाळेच्या ग्रंथालयात त्यांची चार साहसी मुले आणि त्यांचा कुत्रा यांची मालिका होती. तिचे पहिले पुस्तक १९४२ चे, म्हणजे भर युद्धातले, आणि त्यात बेट आहे, गुहा आहे, भरती-ओहोटी आहे. बाई स्वतः डॉर्सेटमधील स्वानेज या किनाऱ्यावर सुटीला जात असत. मस्कतजवळच्या कंताबच्या खडकाळ कोपऱ्यात आम्ही ती बेटे शोधली, आणि ती सापडलीही. कारण कंताब, बंदर जिस्सा, यिती या बाजूला डोंगर थेट पाण्यात उतरतात, आणि तेथल्या प्रत्येक कपारीत गुहा असण्याचा पुरेपूर संभव वाटे.

ऋतूंचा क्रम मात्र पुस्तकाशी मुळीच जुळत नसे. इंग्रज कुटुंब ऑगस्टात, म्हणजे जेव्हा ऊन मिळण्याची त्यातल्या त्यात आशा असे तेव्हा, समुद्रावर जाई. कोकणातला पाहुणा मेमध्ये, आगोटीच्या आधी जाई. आणि मस्कतमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की पुळणीवर पाय ठेवणे ही शिक्षा असे. आमचा समुद्राचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होई आणि मार्चात संपे. ज्यांना आषाढ-श्रावणाची फारच तहान लागे ते हजार किलोमीटर दूर सलालाहला जात, जेथे ‘खरीफ’च्या दिवसांत मोसमी वाऱ्यांमुळे धुके व झिमझिम उतरून डोंगर हिरवे होतात. आपल्या शेतकऱ्याचा खरीप आणि त्यांचा खरीफ हे एकाच अरबी शब्दाचे दोन मुलूख आहेत.

तेथे अशा शब्दांची गाठ पावलोपावली पडे. बंदर, खलाशी, हलवा, हद्द. आपल्या नाखव्याचा सख्खा भाऊ नाखुदा. नाण्यांतला ‘बैसा’ हा तर आपला पैसाच. रिझर्व्ह बँकेने १९५९ मध्ये आखाती देशांसाठी वेगळा रुपया काढला होता, आणि मस्कतमध्ये तो १९७० पर्यंत चालला. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबईहून सुटून कराची, मस्कत करीत आखातात वरपर्यंत जात. ‘आपण परदेशात आहोत’ ही भावना आम्हा मुलांच्या ठायी कधी घट्ट बसली नाही, त्याचे श्रेय मी या शब्दांना देते. आणि कंताबच्या त्या वृद्ध मच्छीमारांनाही, जे जाळे आवरता आवरता आम्हाला हाक मारून खजूर पुढे करीत आणि मोठ्यांना इवल्या पेल्यांतून कहवा देत.

कुरुमच्या पुळणीवर तिन्हीसांजेला ओमानी तरुण ओल्या वाळूत फुटबॉल खेळत, आणि आमच्या बायका चटईवर बसून पाण्याकडे पाहत. क्षितिजावर जहाजांचे दिवे लागले की आई म्हणे, “ती बघा मुंबई.” आम्ही त्यावर विश्वास ठेवला. शाळेत भूगोल आला तेव्हा कळले की कुरुमचा किनारा उत्तराभिमुख आहे. सरळ समोर गेले तर इराणचा मकराण किनारा लागेल, आणि मुंबई आमच्या उजव्या खांद्याच्याही मागे, डोंगरांपलीकडे राहते. मी हे घरी येऊन मोठ्या विजयाने सांगितले. आई काही बोलली नाही. पुढच्या शुक्रवारी तिने चटई नेहमीच्याच जागी घातली, पण मुंबई दाखवली नाही, आणि माझ्या त्या भूगोलाचा मला आजही पश्चात्ताप होतो.

त्या वर्षी डिसेंबरच्या सुटीत बाबांनी रास अल हद्दचा बेत काढला. अरबी द्वीपकल्पाचे हे पूर्वेकडचे टोक. नावाचा अर्थ मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही. किनाऱ्याने जाणारा आजचा प्रशस्त रस्ता तेव्हा नव्हता. बिदबिद, इब्रा, अल कामिल असे डोंगरांतून वळसा घेत प्रथम सूर गाठायचे, जेथे गलबते बांधण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दोन मोटारी, तीन कुटुंबे, आणि पुऱ्यांचे चार डबे. जवळच्याच रास अल जिंझ येथे हिरवी समुद्री कासवे अंडी घालायला येतात. १९९६ मध्ये तेथे राखीव क्षेत्र झाले. उन्हाळ्यात त्यांची गर्दी असते, पण वर्षाच्या कोणत्याही रात्री एखादे यावे अशी ती जागा आहे. मादी ज्या किनाऱ्यावर जन्मली त्याच परिसरात, कित्येक वर्षांनी, अंडी घालायला परतते. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसह जी कासवे जपली, ती वेगळ्या जातीची, आकाराने लहान. परंतु वाळू उपसण्याची ती संथ, धापा टाकत चाललेली मेहनत दोघींची सारखीच. आम्ही दिवे विझवून, श्वास रोखून, पोटावर पडून ती पाहिली. शंभरेक अंडी घालून तिने खड्डा बुजवला आणि जड अंगाने पाण्याकडे निघाली, तेव्हा आई हळूच उठून तिच्यापासून बेताचे अंतर राखत पाण्यापर्यंत तिच्याबरोबर चालत गेली.

पहाटे सारे झोपले होते. आई मला उठवून पुळणीवर घेऊन आली, आणि साडेसहाच्या सुमारास समुद्रातून सूर्य वर आला. कोकणात तो समुद्रात बुडतो. जन्मभर समुद्राकाठी राहिलेल्या माझ्या आईने तो समुद्रातून निघताना त्या दिवशी प्रथम पाहिला. पुढे कधीतरी मी नकाशावर पट्टी ठेवून मोजून पाहिले: डिसेंबरच्या अखेरीस तेथे सूर्य ज्या दिशेला उगवतो, ती रेघ आग्नेयेकडे सुमारे दीड हजार किलोमीटर लांबवली तर रत्नागिरीच्या आसपासच किनाऱ्याला लागते. आईला पट्टीची गरज पडली नव्हती. तिने डोळ्यांवर हात आडवा धरला, मनातल्या मनात दीड तास पुढे मोजला आणि म्हणाली, “तिकडे आठ वाजले. आजीचा दुसरा चहा झाला असेल.”