आधी धूर की धूळ ते ठरवा

डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग असणार. न्यायशास्त्राचे विद्यार्थी शतकानुशतकं हेच उदाहरण घोकत आले. दिसायला बाळबोध, पण इंद्रियांवर किती विसंबायचं आणि तर्कावर किती, हा आपल्या दर्शनकारांचा सगळा वाद या एका वाक्यात मावतो.

मुळात तो धूरच कशावरून? न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन ही शंका आधीच घेतात. लांबून पाहणाऱ्याला तो धूर की धूळ हे ठरवता येत नसेल, तर त्या पाहण्याला प्रत्यक्ष प्रमाण म्हणायचं नाही. ज्ञान अचूक हवं आणि निःसंदिग्धही. बौद्ध आचार्य दिङ्नाग आणखी कडक. ‘हा धूर’ असं नाव दिलं की त्यात कल्पना मिसळली, प्रत्यक्ष तिथेच संपलं, असं त्यांचं मत.

समजा, धूरच आहे. स्वयंपाकघरात धुराबरोबर आग दिसते. तळ्यात आग नाही आणि धूरही नाही. यावरून ‘जिथे धूर तिथे आग’ हा नियम, म्हणजे व्याप्ती, बांधायची आणि डोंगराला लावायची. इथे जडवादी चार्वाक आडवा येतो. तुम्ही पाहिल्या चार चुली; होऊन गेलेले आणि पुढे होणारे सगळे धूर कोणी पाहिले? प्रत्यक्षापलीकडे त्याला काहीच मान्य नाही.

नैयायिकांनी हा प्रश्न झटकला नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी वाक्य उलटं करून पाहिलं. जिथे आग तिथे धूर असतोच का? नाही. तापून लालबुंद झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर नाही. धूर येतो तो सरपण ओलं असेल तेव्हा. या लपलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ म्हटलं. अनुमान तपासायचं म्हणजे अशी उपाधी हुडकायची. ‘काढा घेतला आणि ताप उतरला’ हा निरोप मोबाइलवर आला, की तो ताप आपसूक उतरणाराच होता का, हे विचारणं म्हणजे नेमकं हेच काम. हजार वर्षांपूर्वीचं हे हत्यार आज आपण वापरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नैयायिकांपैकी उदयनाचार्यांनी चार्वाकाला पेचात पकडलं. दुसऱ्या काळी, दुसऱ्या ठिकाणी नियम मोडेल अशी शंका तू घेतोस. पण तो काळ आणि ते ठिकाण तुला कुठे दिसतं? म्हणजे शंकेसाठीही अनुमान लागलंच. शिवाय शंका स्वतःच्याच वागण्याशी विसंगत झाली की तिथे थांबते. भूक भागेल या भरवशावरच माणूस जेवायला बसतो.

तरी सगळे चार्वाक एकाच मताचे नव्हते. पुरंदर नावाच्या चार्वाकाला रोजच्या व्यवहारातलं अनुमान चालत होतं. त्याच्या आधाराने परलोकापर्यंत मारलेली उडी तेवढी नामंजूर होती. या सगळ्या वादात मला त्याचंच म्हणणं सर्वांत समंजस वाटतं. त्याचा स्वतःचा ग्रंथ आज हाती नाही. हे मत आपल्याला कळतं ते आठव्या शतकातल्या कमलशील या बौद्ध पंडिताने खंडनासाठी का होईना, ते नोंदवून ठेवलं म्हणून.