पिंजऱ्याचं दार उघडल्यावर

प्राणिसंग्रहालयात पिल्लं वाढवायची, मोठी झाली की रानात सोडायची आणि प्रजाती वाचली म्हणून पेढे वाटायचे. इतकं सोपं ते नसतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या गिधाडाचीच हकिगत पाहा.

गैरसमज: शेवटचे प्राणी पकडून आणले की प्रजाती संपलीच.

वस्तुस्थिती: एप्रिल १९८७ मध्ये शेवटचा मोकळा कॉन्डॉर पकडला, तेव्हा जगात हे पक्षी उरले होते २७. त्यांना आभाळातच मरू द्या, असं म्हणणारे निसर्गप्रेमीही होते. कॉन्डॉरची मादी साधारण दोन वर्षांतून एकच अंडं घालते. पण ते काढून घेतलं, तर बहुधा दुसरं घालते. सॅन डिएगो आणि लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयांनी याचाच फायदा घेतला. आज कॉन्डॉर पाचशेच्या वर आहेत, त्यांतले निम्म्याहून अधिक मोकळे. १९८७ मध्ये पकडलेला तो शेवटचा नरही २००२ मध्ये पुन्हा सोडला गेला.

गैरसमज: उडता आलं की जगता येतं.

वस्तुस्थिती: पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून कॉन्डॉरच्या डोक्यासारखी बाहुली हातात चढवून त्यांना भरवत. बाहुली घास भरवते, वळण लावत नाही. १९९२ पासून पक्षी सोडायला लागले आणि सुरुवातीचे काही विजेच्या तारांना धडकून मेले. मग मोठ्या पिंजऱ्यांत खोटे खांब उभारले. त्यावर बसलं की हलका झटका. पोरांना दटावायला जाणती गिधाडं सोबत ठेवली. तरी रानातले आईबाप बाटल्यांची झाकणं आणि काचेचे तुकडे उचलून पिल्लांना भरवतात, आणि पिल्लं दगावतात. ते कोण शिकवणार?

गैरसमज: पांढरा वाघही असाच जंगलात सोडावा.

वस्तुस्थिती: ती वेगळी प्रजातीच नाही. नात्यातल्या नात्यात जोड्या लावून टिकवलेला तो एक रंग आहे.

गैरसमज: आकडा वाढला, काम झालं.

वस्तुस्थिती: मला हा सगळ्यांत घातक वाटतो. शिकाऱ्याची शिशाची गोळी जनावराच्या अंगात फुटते आणि तिचे कण मांसात राहतात. ते मांस खाल्लं की कॉन्डॉरला विषबाधा होते. म्हणून मोकळे पक्षीही अधूनमधून पकडून त्यांचं रक्त तपासतात, शिसं जास्त निघालं तर उपचार करतात. कॅलिफोर्नियात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी आली ती २०१९ मध्ये.

आपल्याकडच्या गिधाडांचा काळ ठरलं ते गुरांना टोचायचं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक; मेलेल्या गुराच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई. गुरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली. हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढलेली गिधाडं २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली गेली. अशी गिधाडं सोडायची, तर आधी त्या टापूतल्या औषधांच्या दुकानांत गिऱ्हाईक बनून जावं लागतं, गुरांसाठी काय विकलं जातंय ते पाहायला.